तार्गा फ्लोरिओचा रस्ता: अप्पांसोबत सिसिलीत चार दिवस

पहिला दिवस: पालेर्मो

अप्पांनी एकतीस वर्षं एसटी चालवली. कोल्हापूर डेपो, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रत्नागिरीच्या गाडीवर. आंबा घाट त्यांना असा पाठ होता की पावसाळ्यात धुक्यामुळे कठडासुद्धा दिसेना झाला, तरी "आता डावं, लगेच उजवं, पुढं मोरी" असं पुटपुटत ते गाडी काढायचे. शाळेला सुट्टी लागली की मी केबिनमध्ये बॉनेटवर पोतं टाकून बसायचे आणि ते पुटपुटणं ऐकायचे. पुढे मीही गाड्यांच्याच धंद्यात शिरले. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इटलीत तोरिनोला आले आणि तिथल्या सहकाऱ्यांच्या तोंडून तार्गा फ्लोरिओबद्दल ऐकलं, तेव्हा पहिल्यांदा आठवण आली ती त्या पुटपुटण्याची. यंदा मे महिन्यात अप्पा माझ्याकडे आले. रोम, व्हेनिस सगळं नंतर, आधी सिसिली, हे मी त्यांचं तिकीट काढतानाच ठरवून टाकलं होतं.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सिसिलीतलं फ्लोरिओ घराणं म्हणजे जहाजं, ट्यूना मासळी आणि मार्साला वाइन यांत गडगंज झालेली मंडळी. त्यांतल्या विंचेन्झो फ्लोरिओला मोटारींचं विलक्षण वेड होतं. त्याने १९०६ साली पालेर्मोच्या पूर्वेला असलेल्या मादोनिए डोंगरांत शर्यत भरवली. वेगळा ट्रॅक बांधला नाही. गावांना जोडणारे जे रस्ते होते, बैलांचे, खेचरांचे, मेंढ्यांचे, त्यांच्यावरच. तार्गा म्हणजे पाटी. जिंकणाऱ्याला फ्लोरिओच्या नावाची पाटी मिळायची. पहिल्या वर्षी १० गाड्या होत्या आणि १४८ किलोमीटरच्या तीन फेऱ्या. आलेस्सांद्रो कान्यो हा चालक इटाला गाडीतून साडेनऊ तासांनी पहिला आला. पुढे मार्ग आखडत आखडत ७२ किलोमीटरच्या फेरीवर आला, त्याला 'पिक्कोलो', म्हणजे धाकटा, म्हणतात. आम्हाला हाच धाकटा मार्ग बघायचा होता.

पालेर्मोत दिवस तसा फिरण्यातच गेला. फ्लोरिओंचा विलिनो बाहेरून पाहिला. एर्नेस्तो बाझिले या वास्तुशिल्पकाराने बांधलेलं ते बुरुजाबुरुजांचं घर छान आहे, पण अप्पांचं लक्ष त्याच्यापेक्षा बाजारातल्या पानेल्लेच्या गाडीवर जास्त होतं. हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, गार करून त्याचे तुकडे तळतात आणि पावात घालून देतात. अप्पांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "ही तर पाटवडी गं. तुझी आजी आमटीत सोडायची, ही माणसं तेलात सोडतात." दोन खाल्ले आणि रात्री जेवायचं नाही म्हणाले.

दुसरा दिवस: फ्लोरिओपोली, चेर्दा आणि फुटलेला टायर

सकाळी भाड्याची गाडी घेऊन समुद्राकाठच्या रस्त्याने निघालो. कागदावर चालक म्हणून माझं एकटीचंच नाव. अप्पा शेजारी. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा. पहिले दहा किलोमीटर त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. तेर्मिनी इमेरेसे मागे टाकलं, बुओनफोर्नेल्लोच्या सपाटीवरून डोंगराकडे वळलो आणि थोड्याच वेळात डाव्या-उजव्या हाताला फ्लोरिओपोली आलं.

फ्लोरिओपोली हे गाव नव्हे. शर्यतीची सुरुवात आणि शेवट होण्याची ही जागा: रस्त्याच्या एका बाजूला प्रेक्षकांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पिटचे सिमेंटचे गाळे. मधून जाणारा रस्ता आजही चालू आहे. आम्ही उभे होतो तेवढ्यात भाजीचा एक टेम्पो, दोन ट्रॅक्टर आणि शाळेची बस तिथून गेली, जिथून एकेकाळी पोर्शे, फेरारी आणि आल्फा रोमेओ सुटायच्या. गाड्या एकदम सुटायच्या नाहीत. रस्ता एवढा अरुंद की एकेक करून, ठरावीक सेकंदांच्या अंतराने सोडायचे आणि शेवटी घड्याळ कोणाच्या बाजूने बोलतं ते बघायचे. म्हणजे समोरचा दिसो न दिसो, प्रत्येकाची झुंज स्वतःच्या रस्त्याशी.

अप्पा एका गाळ्यात शिरले. ओट्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "स्टँडसारखंच आहे. कंट्रोलरची खिडकी तेवढी नाही." मी त्यांना सांगितलं की १९७० च्या सुमारास शर्यत ११ फेऱ्यांची असायची, जवळजवळ ८०० किलोमीटर, दोन चालक आळीपाळीने बसायचे आणि इथे गाडी थांबवून पेट्रोल, टायर, चालक बदलायचे. त्यांनी विचारलं, "एका फेरीत वळणं किती?" मी म्हणाले, आठशेच्या वर सांगतात. अप्पांनी मान हलवली आणि काही बोलले नाहीत. आंब्याची वळणं ते नेहमी आकड्यात सांगतात. आठशे हा आकडा त्यांना पचवायला वेळ लागला असावा.

तिथून चढ सुरू होतो आणि चेर्दा गाव लागतं. हे गाव आर्टिचोकचं. चौकात त्या भाजीचा भलामोठा पुतळाच उभा केलाय. पण आम्हाला बघायची होती ती गावातली मुख्य गल्ली, कारण शर्यत तिच्यातूनच जायची. घरांचे उंबरे थेट रस्त्यावर. दोन्ही बाजूंच्या भिंतींमधलं अंतर बघून अप्पा म्हणाले, "इथनं लाल डबा नेताना कंडक्टरला खाली उतरवायला लागलं असतं." याच गल्लीतून ताशी दीडशेच्या वेगाने, आरशाएवढं अंतर राखून गाड्या जायच्या आणि माणसं दारात खुर्च्या टाकून बसायची.

कॉफीच्या दुकानासमोर बाकावर एक आजोबा बसले होते. माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनवर ते खूश झाले. लहानपणी शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांची आई कोंबड्या कोंडायची, कुत्रा बांधायची आणि मुलांना दम द्यायची की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. "आणि टाकलं?" मी विचारलं. त्यांनी उजव्या हाताची पाची बोटं हवेत नाचवली आणि हसले. अप्पांना मी भाषांतर करून सांगायच्या आधीच अप्पाही हसत होते.

चेर्दानंतरचा रस्ता कसा आहे हे सांगायला मला आपलाच घाट आठवतो, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे घाट म्हणजे एकदा चढून एकदा उतरायचा. इथे डोंगर वर नेतो, खाली आणतो, परत वर नेतो, आणि वळणं एकाच जातीची नाहीत. एक वळण मोकळं, पुढचं पोटात जाऊन आवळत जाणारं, त्याच्या पुढचं उंचवट्यावर, पलीकडे काय आहे दिसतच नाही. दोन्हीकडे मे महिन्याची पिवळी झुडपं, रानबडीशेप, मधूनच तांबड्या फुलांचा चारा. रस्ता मात्र जागोजागी खचलाय. माती सरकते, डांबर लाटेसारखं उठतं, आणि 'रस्ता खराब' अशी पाटी लावून लोक आपलं वापरत राहतात. या डोंगरांची मातीच तशी. खालून जाणाऱ्या पालेर्मो-कातानिया महामार्गाचा पूलसुद्धा २०१५ मध्ये शिल्लातोजवळ दरडीने कलला होता आणि नवा पूल सुरू व्हायला पाच वर्षं लागली.

स्क्लाफानीकडच्या भागात काउंट जूलिओ माझेत्तीचा स्मृतिदगड आहे. १९२१ आणि १९२२, लागोपाठ दोन वर्षं तो ही शर्यत जिंकला. १९२६ साली गाडी उलटून इथेच गेला. त्याच्या गाडीवर १३ आकडा होता. अप्पांनी चप्पल काढून दगडाला हात लावला. घाटात जिथे जिथे एसटीचा अपघात झालाय, तिथे ते हॉर्नवर हात ठेवायचे, हे मला माहीत आहे, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

काल्तावुतुरोच्या अलीकडे, उतारावर, समोरून येणाऱ्या ट्रकला जागा द्यायला मी कडेला घेतलं आणि डांबराची तुटलेली धार पुढच्या उजव्या चाकाला लागली. धप्प असा आवाज, मग ओळखीचा फडफडाट. उतरून बघितलं तर टायरच्या बगलेला बोटभर चीर. डिकी उघडली तर स्टेपनी नाही! फेस भरायची एक बाटली आणि छोटा पंप. बगलेच्या चिरेला त्या फेसाचा काही उपयोग नाही. अप्पा डिकीकडे बघत राहिले. घाटाच्या रस्त्यावर गाडी द्यायची आणि स्टेपनी द्यायची नाही, हे त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही बसत नाही. मी स्वतः गाड्यांत काम करते, वजन वाचवण्याची कारणं मला माहीत आहेत, तरीही.

दोन तास गेले. मागून आलेल्या एका शेतकऱ्याने गावातल्या टायरवाल्याला, म्हणजे इथल्या भाषेत गोम्मिस्ताला, फोन केला. तो व्हॅनमध्ये टायर टाकूनच आला. जॅक लावायच्या आधी मागच्या चाकाला दगड लागतो, तो अप्पांनी आधीच लावून ठेवला होता. गोम्मिस्ताने दगड बघितला, अप्पांकडे बघितलं आणि पाना सरळ त्यांच्या हातात दिला. शेवटचे दोन नट अप्पांनी आवळले. समोरासमोरचे, एकाआड एक. एक शब्द दोघांत बोलला गेला नाही.

वाट बघताना मी अप्पांना १९६८ ची गोष्ट सांगितली. विक एलफर्ड, इंग्लिश चालक, पोर्शे ९०७. पहिल्याच फेरीत चाकाच्या भानगडीत सुमारे १८ मिनिटं गेली. ७२ किलोमीटरच्या फेरीत १८ मिनिटं म्हणजे गाडी घरी न्यायची वेळ. पण त्याने आणि उंबेर्तो मालिओली याने एकेक फेरी करत ती भरून काढली आणि शर्यत जिंकली. अप्पांनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला: "त्याला रस्ता पाठ होता का?"

मला हाच प्रश्न हवा होता. एलफर्ड मुळात रॅलीचा माणूस, त्याचा अभ्यास दांडगा. ट्रॅकवर दहा-पंधरा वळणं असतात, दुपारभरात डोक्यात बसतात. इथे मात्र सरावासाठी रस्ता बंद मिळायचा तो अगदी थोडा वेळ. बाकी सराव चालू रहदारीत, ट्रक आणि गाढवांच्या मधून, दिवसेंदिवस. ताकदीची गाडी असून ज्यांना पुढचं वळण आठवलं नाही ते शेतात गेले. १९५५ मध्ये स्टर्लिंग मॉससुद्धा मर्सिडीज घेऊन रस्त्याखालच्या शेतात उतरला होता. चेपलेली गाडी वर काढली, पीटर कॉलिन्सला दिली, आणि दोघांनी मिळून शर्यतही जिंकली. त्या वर्षीचं जागतिक अजिंक्यपद मर्सिडीजला इथेच मिळालं.

तिसरा दिवस: कोल्लेसानो

रात्र काल्तावुतुरोत काढली आणि सकाळी शिल्लातोवरून कोल्लेसानोला उतरलो. या तुकड्याबद्दल फार लिहीत नाही, माझं सगळं लक्ष खड्ड्यांवर होतं.

कोल्लेसानोत तार्गा फ्लोरिओचं संग्रहालय आहे. लहानसंच, पण जीव लावून मांडलेलं. फोटो, हेल्मेटं, हातमोजे, जुनी तिकिटं. सगळ्यांत जास्त फोटो एकाच माणसाचे: नीनो वाकारेल्ला. पालेर्मोचा. घरची शाळा होती, तिथे तो शिकवायचा, पुढे मुख्याध्यापक झाला. लोक त्याला 'उडता मुख्याध्यापक' म्हणायचे. त्याने १९६४ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, पण इथल्या माणसांना त्याचं कौतुक १९६५, १९७१ आणि १९७५ या तीन सालांचं. १९६५ ला बांदिनीसोबत फेरारीतून, पुढच्या दोन्ही वेळा आल्फा रोमेओतून. एका फोटोत घराच्या भिंतीवर चुन्याने 'नीनो' लिहिलंय आणि त्याआधी दोन व्ही एकमेकांत अडकवलेले. इटालियनमध्ये 'झिंदाबाद' लिहायची ती खूण. भिंतीखाली बायका विणकाम घेऊन बसल्यात, आणि त्यांच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून लाल गाडी चालली आहे.

अप्पा त्या फोटोसमोरून हलेनात. "मास्तर होता म्हणतीस?" त्यांनी दोनदा विचारलं. शनिवार-रविवारी हाच माणूस साध्या गाडीने या रस्त्यावर फेऱ्या मारायचा, कारण तो त्याच्या घराजवळचाच रस्ता होता. परदेशी चालकांना जे महिनाभर घोकून जमायचं नाही ते त्याच्या हातात लहानपणापासून होतं. २०२१ मध्ये तो गेला.

दुसरा फोटो मी शोधत होते तो एलिश्का युन्कोवा हिचा. चेक बाई, बुगाती चालवायची. १९२८ साली, तेव्हा फेरी १०८ किलोमीटरची होती, ती शर्यतीआधी या रस्त्यावर पायी हिंडली. कुठलं झाड, कुठलं घर, कुठला दगड दिसला की काय करायचं, ते तिने लक्षात ठेवलं. शर्यतीत काही काळ ती सगळ्या पुरुषांच्या पुढे होती. शेवटी गाडीने दगा दिला आणि ती पाचवी आली. ती पाचवी आली याची मला इतकी हळहळ वाटते की जणू काल घडलंय. बॉनेटवर बसून मी अप्पांना विचारायचे, मी चालवू का मोठी झाल्यावर? ते म्हणायचे, आधी रस्ता शीक. युन्कोवाने नेमकं तेच केलं होतं.

शेवटच्या खोलीत १९७७ आहे. १९७३ नंतर ही शर्यत जागतिक अजिंक्यपदातून गेली होती. त्या शेवटच्या वर्षी पोर्शे ९११ कॅरेरा आरएसआर पहिली आली, फान लेनेप आणि म्युलर चालवत होते. पुढची चार वर्षं राष्ट्रीय पातळीवर चालली. १९७७ मध्ये एका गाडीचा ताबा सुटला, ती लोकांत घुसली, दोन प्रेक्षक गेले. शर्यत तिथेच थांबवली, ती कायमची. तेव्हापासून त्या नावाने रॅली भरते, आणि जुन्या गाड्यांची वेळेच्या अचूकतेची स्पर्धा भरते. मला या शर्यतीचं कितीही वेड असलं तरी त्या उंबऱ्यांवरच्या खुर्च्या बघितल्यावर वाटतं की ती थांबली ते योग्यच झालं, आणि ७१ वर्षं चालली ते नवल. अप्पा म्हणाले, "गाडी चालवणाऱ्यानं आपला जीव लावावा. दारात बसलेल्याचा न्हाई."

संध्याकाळी काम्पोफेलिचे ओलांडून समुद्राकाठी उतरलो. वळणं संपतात आणि अचानक सहा किलोमीटरचा सरळ पट्टा, बुओनफोर्नेल्लोचा. पाऊण तास अंगाचा पिळा काढल्यावर इथे गाड्या एकदम मोकळ्या सुटायच्या. शेजारीच प्राचीन हिमेराचे अवशेष आहेत, पण उन्हाने दोघंही दमलो होतो. चेफालूला मुक्काम केला. तिथल्या बाराव्या शतकातल्या चर्चमधला सोनेरी ख्रिस्त पाहिला, सुंदरच आहे, आणि लवकर झोपलो.

झोपलो असं मला वाटलं. पाणी प्यायला उठले तर अप्पा टेबलाशी. हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी काढत होते. चेर्दा, आर्टिचोक, पांढरं घर, मोरी, माझेत्तीचा दगड, ट्रक आला ती जागा. मध्ये सगळीकडे बाण, डावे-उजवे.

चौथा दिवस: पूर्ण फेरी

सकाळी सात वाजता फ्लोरिओपोलीला गाडी उभी केली. अप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. निवृत्तीला डेपोतल्या मंडळींनी दिलेलं. मी सांगितलं, या रस्त्यावरचा विक्रम फिनलंडच्या लिओ किन्नुनेनचा, १९७० चा. पोर्शे ९०८/३, सगळी मिळून साडेपाचशे किलोच्या आसपासची गाडी, चालकाचे पाय पुढच्या आसाच्याही पुढे. ३३ मिनिटं ३६ सेकंद. सरासरी ताशी १२८ किलोमीटरहून जास्त. तो कधी मोडला गेला नाही.

"चल," अप्पा म्हणाले.

चेर्दापर्यंत ते गप्प होते. गाव संपलं आणि सुरू झालं ते पुटपुटणं. "डावं. सोड. आता उजवं, आवळतंय, आवळतंय, हां. पुढं पांढरं घर, त्याच्या मागं लगेच डावं." कागद त्यांच्या मांडीवर घडी घालून पडलेला होता, त्याकडे ते बघत नव्हते. दोन दिवसांपूर्वी मी ज्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये येऊन चाचपडत होते तिथे आता तिसऱ्यात सहज जात होते, वेग वाढवून नव्हे, तर पुढे काय आहे हे आधी कळत होतं म्हणून. तुटलेल्या धारेच्या वीस मीटर आधी ते म्हणाले, "मधनं घे." कोल्लेसानोच्या उतारावर एकदा ते 'उजवं' म्हणाले आणि रस्ता डावीकडे वळला. अप्पा क्षणभर थांबले, "चुकलो" म्हणाले, आणि पेन्सिलीने कागदावर एक बाण खोडला.

सरळ पट्ट्यावर मी ठरलेल्या मर्यादेतच चालवलं. फ्लोरिओपोलीत पिटसमोर थांबले. एक तास त्रेपन्न मिनिटं. त्यात मेंढ्यांच्या कळपापायी गेलेली सहा मिनिटं आणि काल्तावुतुरोत गोम्मिस्ताने हात करून थांबवलं ती चार.

अप्पांनी घड्याळ मनगटावर चढवलं, कागद नीट घडी करून खिशात ठेवला.

"उद्या विमान किती वाजता?"

"साडेतीनला, अप्पा."

"मग सकाळी आणखी एक फेरी होतीय," ते म्हणाले. "ते कोल्लेसानोचं वळण परत बघितलं पाहिजे."